वाघोबाची दहा मिनिटं

बाप गिरणीत खपला, हा डोंगरात. मुलुंडच्या मागच्या जंगलात लाकडी केबिनमध्ये मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांना अनंत परब एकोणतीस वर्षं डोंगर दाखवत होता. पहाटे चढायला लागायचं, वाटेत पक्षी-प्राणी दाखवायचे, पाड्यावर चहा-भाकरी, दुपारी परत. पण आता वय सत्तावन्न आणि गुडघे पार कामातून गेलेले. उतरताना तर डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं की गेटवर बसवणार, पाहुण्यांच्या बॅगा तपासायला. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तो बायकोला म्हणायचा.

मग त्याने एक शक्कल काढली. चढाच्या मध्यावर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे. पाड्यावरची माणसं तिथे नारळ ठेवतात आणि पुढे जातात, बस्स. अनंत मात्र पाहुण्यांना तिथे बसवायचा. "दहा मिनिटं एकदम गप्प. वाघोबाचा मान असतो ना!" पाहुणे बिचारे हात जोडून बसायचे. हा मागे पाय पसरून गुडघे चोळायचा आणि मनातल्या मनात वाघोबाची माफी मागायचा.

डिसेंबरात नव्या मॅनेजर अस्मिता मॅडम स्वतः चढायला आल्या. सोबत श्रुतिका, नवी शिकाऊ गाईड, पंचविशीची. अनंत समजून चुकला, ही परीक्षा आपलीच आहे. दात आवळून चढला. वाघोबापाशी सगळे गप्प बसले आणि थोड्या वेळाने झुडपातून एक भेकर पिल्लाला घेऊन बाहेर आलं. अवघ्या दहा हातांवर! कुणी हललं नाही. मॅडमचे तर डोळे भरून आले. सुटलो बाबा, अनंतला वाटलं.

पाड्यावर माणिक आजीने चहा दिला. मॅडमनी कौतुकाने विचारलं, "आजी, वाघोबापाशी गप्प बसायची तुमची प्रथा किती जुनी?"

आजीने अनंतकडे बोट दाखवलं. "ह्याचे गुडघे दुखायला लागले ना, तेवढी जुनी."

सगळे खो खो हसले. अनंतही हसला. दुसरं काय करणार? मॅडमनी एकदा त्याच्या पायांकडे पाहिलं आणि चहा संपवला.

आठवड्याने त्याला ऑफिसात बोलावलं. "काका, ती दहा मिनिटं आता प्रत्येक ग्रुपला ठेवायची. झकास कल्पना आहे! श्रुतिका नेईल सगळ्यांना. तुम्ही खूप चढलात, आता गेटवर निवांत बसा."

रागावल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. प्रेमाने बोलणाऱ्या माणसाशी काय भांडणार?

आता रोज सकाळी साडेसातला, श्रुतिकाचा ग्रुप वाघोबापाशी पोचतो त्या वेळी, अनंत गेटवर बॅगा बाजूला सारतो आणि दहा मिनिटं कुणाशी बोलत नाही. पाहुण्यांना वाटतं, म्हातारा खडूस आहे. गुडघ्यांना बराच आराम पडलाय. बसायला आता देवाचं नाव सांगावं लागत नाही, आणि तेच त्याला सोसत नाही.