लागूबाईंचा एकविसावा नियम

लागूबाईंचं खरं आडनाव वेगळंच होतं. नवीन आलेली माणसं महिनाभर त्यांना 'लागूबाई' अशीच हाक मारत, आणि त्याही खुशाल ओ देत. नाव पडलं ते एका तक्त्यामुळे. ऑफिसात तयार होणारी प्रत्येक वेबसेवा सुरू होण्याआधी सुरक्षेच्या चव्वेचाळीस नियमांवर तपासली जाई, आणि तक्त्यावर शेवटची सही बाईंची. एखादा नियम पाळलेला नसला की त्यापुढे 'लागू नाही' लिहून मोकळं व्हायची तिथे जुनी खोड. बाई नेमकं तिथेच बोट ठेवून विचारत, का नाही? अठरा वर्षं त्यांनी लोकांच्या नाकी नऊ आणले होते आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नसे.

या वेळी सेवा होती एका मोठ्या प्रयोगशाळेची. पेशंटना आपले रिपोर्ट घरबसल्या दिसणार होते. जुने रिपोर्ट भरून झाले होते, सोमवारी सुरुवात. एकविसावा नियम सांगत होता की रिपोर्ट मागणाऱ्याला तो बघायचा हक्क आहे का, हे दर वेळी तपासा. इथे तपासलंच जात नव्हतं. आत शिरलेल्या कुणीही पडद्यावर वरच्या वेबपत्त्यातला रिपोर्टचा क्रमांक बदलला की दुसऱ्याचा रिपोर्ट समोर हजर. ऑफिसच्या साहेबांनी त्यापुढे झोकात लिहिलं होतं, लागू नाही.

बाईंनी सही नाकारली. साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं की आकडे बदलत बसायला लोक रिकामटेकडे नाहीत, आणि सही जमत नसेल तर दुपारपर्यंत खुर्ची रिकामी करा. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दाखवून द्यायला एक क्रमांक हवा होता. परक्याचा रिपोर्ट उघडणं त्यांना मान्य नव्हतं. मग एकच उरला.

साहेबांची साखरेची तपासणी त्याच प्रयोगशाळेत होई. बाईंनी त्यांना स्वतःचा रिपोर्ट उघडायला लावला आणि म्हणाल्या, "आता शेवटचे चार आकडे मी सांगते ते टाका."

साहेबांनी हसत टाकले. पडद्यावर बाईंचं नाव आलं. त्याखाली छातीतल्या गाठीचा निकाल, आणि तो चांगला नव्हता. तीन आठवडे त्यांनी घरात ताकास तूर लागू दिली नव्हती. आता सहा जण वाचत होते. बाईंना लाज वाटली, रडू आलं, तरी त्या पडद्यासमोरून हलल्या नाहीत.

"हे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. आता बोला, लागू आहे की नाही?"

साहेबांनी पडदा बंद केला. स्वतः लिहिलेले दोन शब्द खोडले आणि सोमवार रद्द झाल्याचं प्रयोगशाळेला कळवलं. मग जवळ येऊन हळू आवाजात तब्येतीची चौकशी करू लागले, कधीपासून आहे, डॉक्टर कोण.

बाईंनी तक्त्यावरून मान वर केली नाही.

"ते लागू नाही," त्या म्हणाल्या, आणि बाविसाव्या नियमावर बोट ठेवलं.