गवतात लपलेली

नवीन पनवेलमधल्या एका दुकानात जुन्या गेमच्या डिस्क विकणाऱ्या ताई डिस्क ओढणीने पुसत आधी दोषच सांगतात. जुन्या काळातल्या शहरात लपतछपत खेळायच्या एका गेमबद्दल त्या म्हणतात, "पहारेकरी बावळट हायेत. गवतात लपलं का शोधतच नाय. पन शहर झकास, कुठल्याबी छपरावर चढा!"

मी तो गेम त्यांच्याकडूनच नेला होता. पण दुकानात मी नेहमी मागच्या रॅकपाशी उभी राहते आणि कुणी बोलायला लागलं की निघते. काल एका गिऱ्हाइकाने त्याच गेमबद्दल विचारलं, "गोष्ट कशी आहे?"

ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तिला इचारा. तिनं पुरा खेळलाय."

मी रॅकपासून एक पाऊल पुढे आले. "सुरुवात रटाळ आहे," मी म्हणाले, "पण नंतर सोडवत नाही."

त्याने डिस्क घेतली. ताई हसल्या. "आली बाय गवतातून भायेर!"