भेंडीवरचा केवडा

एम.एस्सी.ला असताना एक धडा काही केल्या माझ्या डोक्यात शिरत नव्हता. विषाणूचं प्रथिन पेशीत केंद्रकाबाहेर तयार होतं, मग केंद्रकात जातं आणि पुन्हा बाहेर येतं. अरे, बाहेरच यायचं होतं तर आत कशाला तडमडलास? नेमका याच विषयावर सेमिनार तोंडावर आलेला. पुस्तक घेऊन मी वडवणीजवळच्या आमच्या गावी गेले, तर तिथं वेगळंच रामायण.

दुष्काळाचं वर्ष. आईनं बायकांच्या भाजीपाला सहकारी संस्थेकडून बियाणं घेऊन भेंडी लावली होती. जन्मात पहिल्यांदा, स्वतःच्या हिमतीवर. विहीर आटली आणि त्यातच पानांच्या शिरा पिवळ्याधमक पडल्या. दुष्काळात आमच्याकडं पीक पिवळं दिसलं की एकच निदान: तहान. आई टँकरचं प्यायचं पाणी घागरीनं भेंडीच्या बुडात ओतत होती. मी आंघोळीचं नाव काढलं तर म्हणाली, "तू काय वाळून चाललीस व्हय?"

तेवढ्यात संस्थेची अध्यक्षीण आली. तिची भेंडी आमच्या बांधाला लागूनच. "बाई, ह्यो केवडा रोग हाय. पांढरी माशी त्यो आमच्या रानात आणंल. समदी उपटून टाका."

आई भडकली. "माजी लेक ह्येच शिकती. ती सांगंल तसं करू."

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या आणि माझी गाळण उडाली. पुस्तकात केवड्याच्याच विषाणूचं उदाहरण होतं, पण कळलं होतं कुणाला! तरी सांगायला लागले. पेशीच्या आत केंद्रक असतं, झाडाचा सगळा कारभार तिथून चालतो. विषाणूच्या प्रथिनावर एक खूण असते. ती बघून झाडाचेच वाहक त्याला आत नेतात. आत विषाणूच्या प्रती तयार होतात. मग दुसरी खूण, दुसरे वाहक, आणि ते प्रथिन प्रती घेऊन बाहेर पडतं. तिथून शेजारच्या पेशीत.

हां, म्हणून बाहेर येतं होय! जरा उजेड पडला आणि लगेच पुन्हा घोळ झाला. आत नेतं झाड, प्रती काढतं झाड, बाहेर सोडतंही झाडच. मग हा मेला विषाणू करतो तरी काय?

"पर आत नेतंच कशाला?" आई म्हणाली. "झाडाला कळत न्हाई?"

"नाही कळत. खूण बरोबर दिसली की नेतात."

"आन् पाण्यानं?"

"पाण्याचा काही संबंध नाही, आई. औषधही नाही. उपटावी लागेल."

आई बांधावर मटकन बसली. मला इतकं वाईट वाटलं, की पुस्तक विहिरीत टाकावं. थोड्या वेळानं तीच उठली आणि पदर खोचून पहिलं झाड उपटलं. अध्यक्षीणही वाकली. दिवस मावळेपर्यंत आम्ही तिघींनी सगळा वाफा उपटून खड्ड्यात पुरला.

घरी आल्यावर आईनं टँकरच्या पाण्याची भरली घागर मोरीत आणून ठेवली.

"न्हाऊन घे," ती म्हणाली. "आता कुणाला घालू?"