टूलिक्कीने आपलाच शोध मोडला

टूलिक्की राउतिओ फिनलंडमधल्या आमच्या ओउलूच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत रुजू झाली आणि पहिल्याच आठवड्यात तिने निम्म्या लोकांशी भांडण काढलं. पुदासयार्वीकडच्या लाकूडतोड्याची मुलगी. आवाज असा की जंगलात हाक मारतेय. मी मुलांच्या वॉर्डात नर्स. मीही उलटून बोलते, म्हणून आमचं जमलं.

तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. हिवाळ्यात श्वासाच्या विषाणूने आजारी बाळं येतात. दोन बाळांचा खोकला सारखाच. पण एक दुसऱ्या दिवशी घरी जातं आणि दुसऱ्याला श्वासयंत्र लावावं लागतं. कोणाला, ते आधी कळत नाही. विषाणू शिरला की पेशी आरएनएचे बारीक तुकडे रक्तात सोडतात. त्यांच्या कमीजास्त प्रमाणावरून हे ओळखता येईल, असं तिचं म्हणणं. काही हिवाळे घालवल्यावर तिला तसा एक तुकडा सापडलाही. जी बाळं पुढे गंभीर झाली, त्यांच्या रक्तात तो भरमसाट. एक कंपनी चाचणी बनवायला तयार झाली. आमचा विभागप्रमुख ओस्मो याने सगळ्यांना केक खाऊ घातला.

मग एका सकाळी ती वॉर्डात आली. मी एका तान्ह्या मुलीचं रक्त घेत होते. पोर धापा टाकत होती, शीर सापडेना. शेवटी टाचेला टोचून, दाबून दाबून थेंब थेंब काढलं. टूलिक्की नळी घेऊन गेली आणि थोड्याच वेळात परत आली. रक्त यंत्रात गरगर फिरवल्यावर वर जे पाणी राहतं ते पिवळसर हवं. हे गुलाबी होतं.

"तांबड्या पेशी फुटल्यात," ती म्हणाली. "आणि माझा तुकडा तांबड्या पेशींत ठासून भरलेला असतो."

"म्हणजे मी चुकले?" मी विचारलं.

"तू कशाला? इतक्या आजारी बाळाचं रक्त असंच निघणार. चुकले मी. हे आधी बघायला हवं होतं."

तिने सगळे जुने नमुने बाहेर काढले. गंभीर बाळांचे बहुतेक गुलाबी. ते वगळले तर तिच्या शोधात काहीच उरत नव्हतं.

ओस्मोने तिला कॉफीच्या खोलीत गाठलं. मी तिथेच होते.

"लेखाच्या शेवटी एक ओळ टाक, मर्यादा म्हणून. शेवटची ओळ कोण वाचतंय?"

"ज्याचं बाळ चुकून घरी पाठवलं जाईल, तो वाचेल."

"अगं, गुरुवारी कंपनीची माणसं येतायत! एवढा हट्ट बरा नव्हे."

"मग गुरुवारीच सांगते."

"स्वतःच्याच कामावर कुऱ्हाड घालतेस?"

"काम माझं आहे ना? मग कुऱ्हाडही माझीच."

गुरुवारी ओस्मोने पडद्यावर तोच जुना आलेख लावला. टूलिक्की उभी राहिली. ओस्मो म्हणाला, "प्रश्न नंतर." ती म्हणाली, "प्रश्न नाहीये, उत्तर आहे. या चाचणीत बाळाचं फुप्फुस मोजलं जात नाही. त्याचं रक्त काढताना किती त्रास झाला, तेवढंच कळतं." पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ओस्मोने पडदा बंद केला, तर टूलिक्की गुलाबी नळ्यांची पेटी घेऊन प्रत्येक पाहुण्यासमोर गेली. "हातात घ्या. उजेडात धरा."

कंपनी गेली. वसंतात तिच्या नोकरीची मुदत संपली, ती कोणी वाढवली नाही. शेवटच्या शनिवारी आम्ही दोघी माझ्या घरच्या सौनात, वाफेच्या खोलीत, बसलो. मला वाटलं, रडेल. तिने तापल्या दगडांवर डबाभर पाणी ओतलं, वाफेने माझे कान भाजले.

"रक्त नको, सुई नको," ती म्हणाली. "नाकातला शेंबूड घ्यायचा. फुटायला तांबड्या पेशीच नाहीत तिथे, असल्या तर थोड्या."

"तुला शेंबडासाठी पैसे कोण देणार बाई?"

"देतील. नाही दिले तर मागत राहीन."

तुर्कू शहरात कोणीतरी दिले, फार नाहीत. आता ती तिथे आहे. तिच्या हाती दोन नवे तुकडे लागलेत म्हणे. मी फोनवर अभिनंदन केलं तर माझ्यावरच खेकसली, "गप गं! अजून मीच त्यांना खोटं पाडायला बघतेय. पडले नाहीत, तर मग बोल."