हनुवटीवरचा तीळ

सेलूच्या टुरिंग टॉकीजबाहेर लाकडी फळीवर सिनेमाचं पोस्टर लागायचं. त्यातल्या नटीच्या हनुवटीवर एक काळाभोर तीळ होता. माझी थोरली बहीण त्या तिळापायी वेडी झाली. "आपल्याला बी असाच पायजे," म्हणाली आणि बाजारच्या दिवशी मला ओढत गोंदणारीकडे घेऊन गेली. आईच्या कपाळावर गोंदण होतंच, त्यामुळे घरच्यांची भीती नव्हती. आधी ताई बसली. डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं हूं की चूं केलं नाही. मग तिनं माझं डोकं घट्ट धरलं. मी ओरडून अख्खा बाजार गोळा केला.

पुढच्या आठवड्यात नवं पोस्टर लागलं. त्यात एक दरोडेखोर होता आणि त्याचा घोडा. घोड्याच्या नाकावर अगदी तोच तीळ! मी जवळ जाऊन बोट लावलं, तर तो खिळा निघाला. कागद वाऱ्यानं फुगू नये म्हणून फळीच्या मधोमध ठोकलेला.

मला रडू फुटलं. ताई मात्र पोट धरून हसत सुटली. "घोड्याला बी लय शोभायलाय की गं!"

परवा सून म्हणाली, "आई, डॉक्टर हे गोंदण लेझरनं पाच मिनिटांत काढतात." मी तिला चांगलीच झापली. ताई गेली. आता तो खिळा एवढ्या एकाच हनुवटीवर उरलाय. त्याला कुणी हात लावायचा नाही.