दादांची वीत

आज दादांना जाऊन महिना झाला. देवापुढे बसले तरी हात जोडायचं सुचेना, म्हणून वही उघडली.

दादा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. हाडाचे सुतार. टेप त्यांनी कधी खिशात बाळगला नाही. उजव्या हाताचा पंजा फळीवर ताणायचा, अंगठा ते करंगळी, आणि वीत वीत मोजत जायचं. सासऱ्यांनी तसंच शिकवलं होतं. एकदा केलेल्या दाराचं माप दादा जन्मभर विसरत नसत.

लढाई लागली तेव्हा पूल बांधणाऱ्या तुकडीत त्यांना घेतलं. तोफगोळ्याचा तुकडा लागून उजव्या हाताची करंगळी गेली आणि शेजारचं बोट ताठ झालं. परत आले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "माणूस आला, बोटाचं काय घेऊन बसायचं!" आम्हा सगळ्यांना तसंच वाटलं. 

पहिलं काम आलं कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचं. त्याचं जुनं दार कुजलं होतं, आणि ते दादांनीच केलेलं. माप घ्यायला गेलेच नाहीत. "तोंडपाठ आहे," म्हणाले. लाकूड आणलं, पंजा ताणला, मोजलं, कापलं. आकडा जुना, हात नवा. करंगळीवाचून वीत तोकडी भरली, एवढंच चुकलं.

दार चौकटीत उभं केलं तर खाली हातभर फट.

"दादा, दार केलंत की खिडकी?" बेकरीवाला हसला. "उंदरांना पाहुणचार होईल चांगला!" माणूस वाईट नव्हता. लगेच म्हणाला, "राहू द्या हो, खाली फळी ठोकू." पण दादांचा चेहरा उतरला तो उतरलाच.

संध्याकाळी ह्यांनी टेप आणून पुढे ठेवला.

"हे नवशिक्यांचं," दादा म्हणाले.

"मग डाव्या हातानं मोज ना! तोही पंजा तुझाच आहे. वीत तेवढीच भरते."

"एकदा डाव्यानं मोजलं की उजवा गेलाच म्हणायचा."

"अरे, गेलाय तो दादा!"

ह्यांच्या तोंडून निघून गेलं आणि ह्यांनी जीभ चावली. दादा उठले, करवत, रंधा, पटाशी पोत्यात बांधली आणि माळ्यावर टाकली. पुढे लाकडाच्या वखारीवर राखणदारी धरली. दुसऱ्यांनी कापलेल्या फळ्या गाडीत चढताना बघत बसायचे. जाऊबाई चिडून माझ्याजवळ म्हणायच्या, "हात आखडला नाही, माणूस आखडलाय." खरंच होतं ते, पण ऐकवणार कोण?

बेकरीवाल्यानं पुढे एकदा येऊन विनवलं, "माझ्या लेकीच्या घराची दारं तुमच्या हातची हवीत." जाऊबाई दाराआडून खुणा करत होत्या, हो म्हणा. दादा म्हणाले, "ज्याच्याकडे माप आहे त्याला सांग."

शेवटच्या आजारपणात मी पेज भरवत होते. त्यांनी चमचा बाजूला सारला आणि डाव्या हाताचा पंजा चादरीवर ताणला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. बराच वेळ बघत राहिले.

"तेवढीच भरते गं," म्हणाले. "धाकटा म्हणत होता ते."

"हो, दादा."

"आता काय उपयोग."

मी म्हटलं, देवाला ठाऊक.  त्यांनी पंजा मिटला आणि हात पांघरुणात घेतला. पेज निवून गेली. मी पुन्हा गरम करून आणली, तोवर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं.