करिष्मा आणि समुद्रतळाचा चिखल

आमच्या हुडको वसाहतीतल्या कवडू मेश्रामांच्या करिष्माने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो थेट नोकरीवर, आणि पहिल्याच दिवशी पोटातलं सगळं त्याला वाहून मोकळी झाली. संशोधनाच्या जहाजावर तिचं काम होतं, समुद्रतळातून नळीत भरून आलेल्या गाळाचे फोटो काढायचं. आई सत्यशीला फोनवर म्हणाली, "चिखलाचेच फोटो काढाचे होते, तर आपल्या घराजवळचा कुरुदचा तलाव काय वाईट होता वं?"

पहिली नळी उभी चिरल्यावर करिष्माने आतला गाळ लांबीच्या दिशेने पुसला, जसा घरी ओटा पुसतात. हजारो वर्षांचे थर एकमेकांत फासले गेले. मोहिमेचे प्रमुख शेट्ये सर म्हणाले, "आणखी एक चूक झाली, की कॅमेरा दुसऱ्याकडे."

दुसरी नळी उघडली तेव्हा जहाज डोलत होतं. हवा लागली की गाळाचा हिरवट रंग तपकिरी पडतो, त्यामुळे थांबायची सोय नव्हती. करिष्माने ओढणीने स्वतःला टेबलाला बांधलं, बादली पायाशी घेतली आणि हातातलं धातूचं पातं दरवेळी पुसून गाळ आडवा खरवडू लागली, म्हणजे थर जागच्या जागी राहतात. मध्ये तीनदा बादलीला मान द्यावा लागला. फोटोत मात्र केसाएवढी रेघसुद्धा सुटी उमटली.

शेट्ये सरांनी पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला. "छान. आता जाऊन पड."

"पडतो ना सर," करिष्मा ओढणीची गाठ आवळत म्हणाली, "पण तिसरी नळी चिरून ठेवली आहे. तिचा रंग जाऊन राहिला."